मिठाला कडं

तात्या,

काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली. तुम्हाला ती आवडली नसती. प्राचार्यांनी तुमच्यासाठी तीन विशेषणं वापरली, आणि ती तिन्ही एखाद्या बैलालाही चालली असती: कष्टाळू, इमानी, अबोल. अबोल, आणि तुम्ही! मायक्रोस्कोपच्या अडलेल्या स्क्रूला "आरं ये की राजा, किती आडशील" म्हणून विनवणारा माणूस अबोल होता हे मला काल कळलं. पुढे ते म्हणाले, "आपली चूक चारचौघांत कबूल करण्याचं धैर्य या साध्या मेकॅनिकजवळ होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही, पण उठून काही बोललेही नाही. तिसऱ्या रांगेत पदराचं टोक मुठीत आवळून बसले आणि शेवटची दोन मिनिटं सगळ्यांबरोबर उभी राहिले.

म्हणून आज हे लिहायला बसलेय. माझा राग प्राचार्यांवर आहे, स्वतःवर आहे आणि तुमच्यावरही आहे, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही असताना मी तोंडावर बोलत होते, आता का थांबू?

सभा सुटल्यावर प्राचार्यांनी मला जिन्यापाशी गाठलं. "बाई, भौतिकच्या मागच्या खोलीतला तो तुमचा खेळ आता मोडा. शनिवारपर्यंत. मायक्रोस्कोप तुमच्या वनस्पतिशास्त्राला परत, प्रोजेक्टर भूगोलाला." दोन वर्षांच्या कामाला खेळ म्हणाले. मी "बघते" म्हटलं. 'बघते' म्हणजे नाही, हे तुम्हाला कळलं असतं. त्यांना कळलं नाही.

आणि तुमची वेळ तरी काय! दिवाळी झाली, अजून गुलाबी थंडीसुद्धा पडली नव्हती, तेव्हा छातीत कळ आली म्हणून बसलात ते उठलाच नाहीत. पंधरा दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? आज सकाळी माझ्या घरी खोबरेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडला नाही. तेल गोठलंय, तात्या. आपला हंगाम सुरू झालाय आणि तुम्ही गैरहजर आहात.

*

आपली पहिली भेटच भांडणाची. तुम्ही एकाहत्तरच्या लढाईनंतर पलटणीतून हवालदार म्हणून सुटून आला होता. तिथे तुम्ही दुर्बिणी आणि तोफांच्या नेम धरायच्या काचा दुरुस्त करायचात. कॉलेजनं तुम्हाला मेकॅनिक म्हणून घेतलं. जवळच्या मलकापूरहून सायकलवर यायचात, हँडलला डबा, अंगात तो खाकी कोट. माझ्या मायक्रोस्कोपला बुरशी धरली होती म्हणून तो तुमच्याकडे पाठवला, आणि दोन दिवसांनी बघायला आले तर तुम्ही त्याची सगळी भिंगं काढून वर्तमानपत्रावर मांडली होती, वाटाणे निवडायला काढावेत तशी.

मी किंचाळलेच. "अहो, हे कोणी सांगितलं तुम्हाला उघडायला?"

"कुनी न्हाई," तुम्ही वर न बघता म्हणालात. "आवं बाई, आजारी मानसाला कापडं काडल्याबिगर तपासत्यात व्हय?"

संध्याकाळी मायक्रोस्कोप परत आला. त्यातून कांद्याचा पापुद्रा बघितला आणि मी पुन्हा तुमच्याकडे आले ती आभार मानायला नाही. तुम्हाला आणखी काय काय येतं ते बघायला आले. आभार राहिलेच. पुढेही बरेच राहिले.

मग एका गुरुवारी तुम्ही कोटाच्या खिशातून एक कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवलीत. हळद होती. तुमच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तुमचे दाजी, सांगलीजवळ कृष्णाकाठी हळद पिकवायचे. त्या वर्षी त्यांची हळद सांगलीच्या एका अडत दुकानात गेली आणि तिथे कोणीतरी म्हणालं की हिला पिवडी चोळली आहे. पिवडी म्हणजे भिंतीला फासायची ती पिवळी माती. दाजी खवळले. दुकानात उभं राहून म्हणाले, "आमचा म्हेवना मिल्ट्रीतला हाय, कराडच्या कालिजात हाय. त्यो तपासंल. त्यो म्हनंल ते मला कबूल."

"तवा बाई," तुम्ही म्हणालात, "ह्यात माती हाय का न्हाई, ह्ये आता आपल्याला सांगाया पायजे."

मी हसले होते. त्यात काय अवघड, मला वाटलं. पण मायक्रोस्कोपखाली उकडलेल्या हळदीचा दाणा जाड असला की काळपट तपकिरी दिसतो आणि मातीचा कणही तसाच दिसतो. रसायनशास्त्रवाल्यांनी लोह आहे म्हणून सांगितलं, पण लोह दाजींच्या रानातल्या मातीतही असणारच. कंद जमिनीतून निघतो, आभाळातून पडत नाही. प्रश्न एकेका कणाचा होता. हा कण हळद आहे की पिवडी? डोळ्याला दोन्ही पिवळे.

तुम्ही आठवडाभर गप्प होता. (एवढेच दिवस काय ते अबोल!) मग एका सकाळी आलात आणि म्हणालात, "डोळ्याला कळत न्हाई तर धगीला इचारू."

मला ते समजायला वेळ लागला. तुम्ही छत्रीची गोष्ट सांगितलीत. उन्हात काळी छत्री तापते, पांढरी तेवढी तापत नाही. जो उजेड पितो तो तापतो. हळदीचा पिवळा रंग हिरवा उजेड सोडून देतो, पिवडी तो बराचसा पिते. म्हणजे कणांवर नुसता हिरवा उजेड पाडला तर पिवडीचा कण तापेल आणि हळदीचा थंड राहील. पण धुळीएवढा कण तापला की नाही हे बघायचं कसं? त्याला थर्मामीटर कुठे लावणार?

"त्येच्या भवती आसं कायतरी ठिवायचं," तुम्ही म्हणालात, "की जरा ऊब लागली की इतळंल." आणि खिडकीतल्या खोबरेलाच्या बाटलीकडे बोट दाखवलंत. मार्गशीर्ष होता. तेल आज गोठलंय तसंच तेव्हा गोठलं होतं.

तो महिना मी विसरणार नाही. काचपट्टीवर तुम्ही घरून आणलेल्या खोबरेलाचा पातळ थर, त्यात हळदीची चिमूट. वरून हिरवा उजेड पाडायला भूगोलाचा जुना प्रोजेक्टर. हिरवी काच तुमच्या लोणंदच्या दोस्तानं दिली, रेल्वेच्या फुटक्या कंदिलातली, आणि ती घासून सपाट करायला तुम्ही तीन दिवस घालवलेत. दिव्याची नुसती उष्णता अडवायला मध्ये पाण्याची चपटी बाटली. ती मिलिटरी कँटीनच्या रमची होती, आणि प्राचार्य पाहणीला आले तेव्हा तुम्ही तोंड गंभीर ठेवून "सर, पानी हाय, वास घ्या" म्हणालात. सगळ्यात मोठी करामत मात्र तुमच्या काळ्या गॉगलची. तो पोलरॉइडचा, एकाच दिशेत डोलणारा उजेड सोडणारा. त्याच्या दोन काचा, एक खाली, एक वर, एकमेकींना आडव्या. नुसत्या असल्या की अंधार. मध्ये गोठलेलं तेल आलं की ते दहिवर पडल्यासारखं लखलखतं. आणि तेल वितळलं की तिथे पुन्हा काळोख. म्हणजे ज्या कणानं उजेड प्यायला त्याच्याभोवती पांढऱ्यात एक काळं वर्तुळ उमटणार. कण किती तापला ते वर्तुळाच्या रुंदीवरून कळणार.

मी वहीत त्याला 'वितळवलय' म्हटलं. तुम्ही दोनदा म्हणून बघितलंत आणि हात जोडलेत. "जीब गुंडाळती, बाई. कडं म्हना. हातातलं कडं." मी म्हटलं, शास्त्रात असं चालत नाही. तुम्ही म्हणालात, शास्तर काय इंग्लंडहून मराठीत आलंय व्हय, आपुनच बोलायचं ना त्ये. त्यावर आपण दोन हिवाळे भांडलो. वहीत शेवटपर्यंत वितळवलय राहिलं आणि तोंडात कडं.

*

आता त्या गोष्टीवर येते.

पहिल्या हिवाळ्यात दाजींच्या हळदीत कडीच कडी पडली. जिकडे बघावं तिकडे काळी वर्तुळं. तुम्ही डोळा लावून बघितलंत आणि मागे सरून नुसते उभे राहिलात. मला वाटलं, मेहुण्यानं लबाडी केली म्हणून तुम्हाला लागलं. मी मात्र आतून नाचत होते. उपकरण चालतंय! आपण दोघांनी फुटक्या कंदिलातून आणि गॉगलमधून बनवलेलं यंत्र कणाकणाची ऊब दाखवतंय! तुम्ही म्हणालात, "चार दिस थांबूया." मी थांबले नाही. त्याच दिवशी कॉलेजच्या कागदावर पत्र लिहिलं, "सदर नमुन्यात पिवडी असल्याचे आढळते", खाली माझी सही, आणि पत्र सांगलीच्या त्या दुकानात रवाना.

दाजींनी दुकानात शब्द दिला होता, तपासणीत निघेल ते कबूल. त्यांनी तो पाळला. हळद परत नेली. भरल्या दुकानात मान खाली घालून पोती गाडीत चढवली म्हणे. त्यानंतर त्या पेठेत त्यांच्या हळदीला कोणी हात लावेना. तुमच्या बहिणीचं माहेरी येणं बंद झालं.

आणि मग, पत्र जाऊन आठवडा झाला असेल, तुम्ही दुपारचा डबा खात होता. मी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होते. तुम्ही भाकरीवरच्या मिठाची चिमूट काचपट्टीवर टाकलीत. कशाला टाकलीत? मी नंतर विचारलं तेव्हा म्हणालात, "आसंच. म्हनलं बगू मीठ कसं दिसतंय." पण ते तसंच नव्हतं, तात्या. तुम्हाला आठवडाभर काहीतरी टोचत होतं.

थोड्या वेळानं तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. हात नुसते लटकत होते.

"बाई, मिठाला कडं पडलं."

मी वर बघितलं. मीठ पांढरं, काचेसारखं आरपार. ते कुठलाच उजेड पीत नाही. ते तापूच शकत नाही. मिठाला कडं पडतं याचा अर्थ आपली कडी खोटी आहेत, आपलं पत्र खोटं आहे आणि दाजी खरे आहेत. हे सगळं मला एका क्षणात कळलं. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, मला ते तुमच्याही आधी कळायला हवं होतं. कडं पडू नये अशा वस्तूवर आधी पडताळा घ्यायचा, हे मी दरवर्षी पोरांना पहिल्या तासाला शिकवते.

आणि मी काय म्हणाले? "पट्टी घाण असेल. धुऊन टाका."

तुम्ही धुतलीत. पुन्हा मीठ. पुन्हा कडं. मी पुन्हा म्हणाले, मीठ ओलं असेल. चार दिवस मी तुम्हाला काहीबाही सांगत राहिले आणि तुम्ही दर दुपारी मिठाची चिमूट टाकत राहिलात. पाचव्या दिवशी तुम्ही मला काही विचारलं नाही. सरळ म्हणालात, "तुमी माज्या घरी चला."

वहिनींनी चहा ठेवला. तुम्ही कोनाड्यातली निळी बाटली त्यांच्यापुढे धरलीत. "ह्यात काय हाय?"

"खोबरेल हाय की," वहिनी म्हणाल्या.

"नुसतं?"

"नुसतं कशाला? रतनजोत घालून उकाळलंय. केस गळत्यात म्हनून. का वं, काय झालं?"

रतनजोत! लाल मूळ, तेलात रंग सोडतं, आणि लाल रंग हिरवा उजेड पितो. निळ्या बाटलीत कळत नाही, पट्टीवरच्या पातळ थरात तर मुळीच नाही. तेल गोठताना रंगाला बाहेर ढकलतं आणि तो जाऊन कणांच्या कडेला बसतो. मग मीठ काय, वाळू काय, प्रत्येकालाच कडं. आपण दाजींची हळद तपासलीच नव्हती. आपण वहिनींचं केसाचं तेल तपासलं होतं.

वहिनींना काही कळेना. तुम्ही हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईतो हसलात आणि मग ते पाणी थांबेना. मी उठून बाहेर आले.

आपलं खरं भांडण दुसऱ्या दिवशी झालं. तुम्ही म्हणालात, "सांगलीला जाऊ. दोगं बी. दुकानात हुबं ऱ्हाऊन सांगू. तेल माजं हाय, सही तुमची हाय."

मी म्हटलं, आत्ता नको, थंडी सरत आलीय. येत्या हिवाळ्यात नवं तेल घेऊन नीट तपासू आणि मग सुधारित पत्र पाठवू. एकदा खोटे ठरलो तर पुन्हा आपलं कोण ऐकणार?

"आनि तवर? तवर दाजीनं तोंड झाकून बसायचं व्हय?"

मी म्हटलं, तात्या, तुम्हाला शास्त्रातलं कळत नाही, इथे पत असते. अगदी हेच शब्द. मला आज ते लिहितानाही लाज वाटते, पण लिहिते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. एखाद्या भिंगाला चीर गेली आहे का बघताना तुम्ही बघायचात तसं बघितलंत.

जायचं त्या सकाळी मी निरोप पाठवला, डोकं दुखतंय. तुम्ही एकटे एस.टी.नं गेलात. दुसऱ्या दिवशी आलात, कोट खुंटीला अडकवलात आणि म्हणालात, "सांगिटलं." मी विचारलं नाही काय सांगितलं. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. चार दिवसांत मात्र सांगलीहून तुमचं नवं नाव तुमच्यामागोमाग कराडात येऊन पोचलं. खोबरेल हवालदार. पोरं फळ्यावर लिहायची. तुम्ही स्वतःच पुसायचात आणि पुसता पुसता म्हणायचात, "आक्षर बरं हाय."

*

दुसरा हिवाळा आपला होता. हे कोणाला नाकारू देणार नाही मी.

तुम्ही खोबरं आणलंत, माझ्यासमोर ते फोडलंत, घाण्यावर उभं राहून तेल काढून घेतलंत. नव्या पांढऱ्या बाटलीत. आणि नियम केलात: रोज सकाळी सगळ्यात आधी मीठ. मिठाभोवती पांढरं स्वच्छ राहिलं तरच पुढचं काम. एखाद्या सकाळी मीठ बघून तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात आणि मला पुढची पट्टी द्यायचात. नऊ वाजता ऊन चढलं की तेल मऊ पडायचं आणि काम बंद. दिवसाला दोन तास, तेवढीच मुदत. बोटं गारठायची. तुमच्या डब्यातल्या भाकरीवर मी हात शेकले आहेत.

मुद्दाम पिवडी मिसळलेल्या हळदीत कडी पडली, ठळक, गोल. नुसत्या हळदीत नाही. मग दाजींची ती जुनी पुडी काढली. आपण ती जपून ठेवली होती. पट्टीमागून पट्टी. हळदीच्या एकाही दाण्याला कडं नाही. तीन-चार कण काय ते काळे, रानातल्या मातीचे. चोळलेली पिवडी नाहीच. तुम्ही नळीवरून डोळा काढलात आणि म्हणालात, "बाई, ह्ये आता खरं हाय." तेवढंच. आणि मला वाटलं, आयुष्यात मी एवढं खरं काहीच बघितलेलं नाही.

मी पत्र लिहिलं. दुकानानं निरोप दिला, तुमचं एक पत्र तुम्हीच खोटं म्हणालात, आता दुसरं कशाला? पुण्याच्या एका मोठ्या प्राध्यापकांना सगळं लिहून पाठवलं. त्यांनी कळवलं, खोबरेल हे भौतिकशास्त्राचं माध्यम होऊ शकत नाही. का होऊ शकत नाही? कोणी ठरवलं? ज्यांच्या टेबलावर बोटं गोठत नाहीत त्यांनी? तुम्ही दाजींच्या गावाला गेलात तर ते मागच्या दारानं रानात निघून गेले. बहिणीनं चहा दिला आणि तुमच्याकडे बघितलं नाही.

तेव्हा मी तुम्हाला म्हणाले, बघा, मी सांगत होते. आधी कबुली दिली नसती तर आज हे पत्र चाललं असतं. तुम्ही काच पुसत होता. म्हणालात, "चाललं आसतं. पन मग मीठ कशाला टाकायचं?" मी चिडून निघून गेले.

*

परवा तुमचा तेरावा झाला. दाजी आले होते. मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. उंच, काटक, डोक्याला पटका. ओट्यावर एका बाजूला बसले होते, जेवले नाहीत. मी जवळ जाऊन म्हटलं, मी कॉलेजातली बाई. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, तुमच्या हळदीची पुडी अजून माझ्याकडे आहे. थंडी पडली की दाखवीन.

आज थंडी पडली, आणि ते सकाळी सातला खोलीच्या दारात उभे होते. अजून तुमच्याच घरी थांबलेत. मी प्रोजेक्टर लावला. एकटीनं सगळं जुळवायला मला अर्धा तास लागला. तुम्हाला पाच मिनिटं लागायची. आधी मीठ. मग मुद्दाम पिवडी घातलेली हळद. मग त्यांची. त्यांनी एक डोळा हातानं झाकून बघितलं, बराच वेळ.

"ह्यात न्हाई ते कडं," ते म्हणाले.

"नाही. तुमच्यात नाही."

"ह्ये त्येला ठावं हुतं?"

"मागच्या थंडीतच. तात्या तुम्हाला सांगायलाच आले होते. तुम्ही रानात गेलात."

ते खुर्चीत बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्या त्येच्यावर रागावलो न्हवतो, बाई. चूक मानसाकडनंच हुतीया. पन त्यानं दुकानात हात जोडलं, सगळ्यांम्होरं. म्हनला, समदं म्या क्येलं. तेल माजं, बगनारा म्या, सांगनारा म्या. बाईंनी निस्ती माज्या सांगन्यावरनं सही क्येली, त्यांस्नी ह्यातलं काय ठावं न्हाई. मिल्ट्रीतला गडी आसा वाकल्याला मला बगवला न्हाई. म्हनून मी त्येच्या म्होरं जाईना."

तात्या, मी प्रोजेक्टर बंद केला.

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही जे होतं ते सांगितलंत: तेल तुमचं, सही माझी. पावणेदोन वर्षं मी त्याच खोलीत तुमच्याशेजारी बसले आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. आणि लोक तुम्हाला खोबरेल हवालदार म्हणत राहिले, आणि मला आदरानं बाई. काल प्राचार्य जी चूक तुमच्या नावावर टाकून तुमची वाहवा करत होते ती तुमची नव्हतीच. तुम्ही चार दिवस थांबू म्हणालात, थांबले नाही ती मी. मीठ तुम्ही टाकलंत, पट्टी धुवा म्हणाले ती मी. रतनजोत ही काय चूक आहे? बायका तेलात रतनजोत घालतात. चूक होती ती पडताळा न घेता सही करण्याची, आणि कळल्यावर चार दिवस कानावर हात ठेवण्याची.

कोणाला विचारून ती घेतलीत तुम्ही? मला वाचवलंत असं वाटलं का तुम्हाला? तुम्ही खोटं बोललात. ज्या माणसानं एका मिठाच्या चिमटीसाठी स्वतःचं यंत्र खोटं पाडलं, तो भरल्या दुकानात माझ्यासाठी खोटं बोलला. आणि ते खोटं इतकं छान चाललं की काल तुमच्या फोटोला हार घालताना लोकांनी तेच वाचून दाखवलं.

मी दाजींना सगळं सांगितलं. कोणत्या दिवशी काय झालं ते, डोकं दुखलं नव्हतं तेसुद्धा. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता, बाई. मेलेल्या मानसानं अंगावर घेतल्यालं माघारी कसं घ्यायचं? त्येलाबी बरं वाटनार न्हाई."

मी म्हटलं, बघते.

मग कागद घेतला. पहिलं पत्र प्राचार्यांना: शनिवारी सामान मिळणार नाही, कालच्या सभेत जे बोललं गेलं ते चूक आहे, आणि बरोबर काय ते पुढच्या सभेत उभी राहून मी सांगेन. दुसरं सांगलीच्या दुकानाला. ते पोस्टात टाकणार नाही, हातानं देणार आहे. शनिवारी पहाटेच्या गाडीनं मी आणि दाजी निघतोय, मायक्रोस्कोप माझ्या मांडीवर आणि प्रोजेक्टर त्यांच्या. दुकान उघडायच्या वेळेला थंडी असते. ज्याला बघायचं आहे त्यानं डोळा लावून बघावं, आणि ज्याला हसायचं आहे त्यानं माझ्या तोंडावर हसावं, कारण ते हसणं माझं होतं आणि तुम्ही विनाकारण झेललंत.

तुम्ही नको म्हणाल, मला माहीत आहे. "आवं बाई, कशाला उगीच", असं म्हणाल आणि काच पुसायला घ्याल. गेलेल्या माणसाच्या इच्छेचा मान राखावा म्हणतात. तुम्ही असताना तुमचं ऐकायला हवं होतं तेव्हा मी ऐकलं नाही, तात्या. आताही ऐकणार नाही.